समुद्र दाखवू नका, शिकवा

तुंगार्लीत राहणाऱ्या माणसाने समुद्राबद्दल तावातावाने बोलावं याचं आमच्या मित्रमंडळींना भारी हसू येतं. "अरे, तुमच्याकडे धरण आहे, धबधबे आहेत, चिक्की आहे, पावसाळ्यात मुंबई-पुण्याची अख्खी जत्रा आहे. समुद्राशी तुमचा काय संबंध?" असं एकाने विचारलंच. प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी संबंध सांगतो आणि मग भांडायला घेतो.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटर उंच खरं, पण मुंबई बंदराचं पाणी इथून सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटरवर. तुंगार्ली धरणावरून जी वाट राजमाचीला जाते, त्या राजमाचीवर एके काळी ताबा कोणाचा होता? कान्होजी आंग्र्यांचा! १७१३ साली हा दर्यावर्दी घाट चढून वर आला, लोहगड आणि राजमाची घेतली, आणि त्याच्यावर चालून आलेल्या पेशव्यांनाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद करून ठेवलं. मग बाळाजी विश्वनाथांनी वाटाघाटी केल्या, तह झाला आणि आंग्रे शाहू महाराजांचे सरखेल झाले. म्हणजे मराठी आरमाराचा एक मोठा निर्णय आमच्या या डोंगरांच्या साक्षीने ठरला आहे. आजही लोणावळ्यात आयएनएस शिवाजी आहे. १९४५ पासून नौदलाचे अभियंते आणि नौसैनिक इथे जहाजांची यंत्रं शिकतात. तिकडे खडकवासल्याला एनडीएच्या कॅडेट्सना धरणाच्या पाण्यावर शिडाची होडी चालवायला शिकवतात. तेव्हा घाटावर बसून समुद्र शिकता येत नाही, हे आम्हाला कोणी सांगू नये.

आता भांडण.

हे सगळं शिक्षण कंपाउंडच्या भिंतीच्या आत आहे. भिंतीच्या बाहेर, मावळातल्या साध्या शाळेत जाणाऱ्या मुलाला समुद्राचं काय मिळतं? एक सहल. सहलीची पत्रकं वाचायची मला खोड आहे. ओळखीच्या कोणाच्या मुलाच्या दप्तरात दिसलं की मागून घेतो. मजकूर ठरलेला. पहाटे पाचला प्रस्थान, नाश्ता, एक देऊळ, एक किल्ला, दुपारचं जेवण, मग 'समुद्रकिनारा (पाण्यात उतरण्यास सक्त मनाई)', आणि जमल्यास 'डॉल्फिन राईड (ऐच्छिक, शुल्क वेगळे)'. संपला समुद्र.

याच मुलांच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे असतात. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री उलट. फरक स्पष्ट करा, गुण दोन. उधाणाची भरती आणि भांगाची भरती, आकृती काढा, गुण तीन. मुलं पाठ करतात, लिहितात, गुण मिळवतात. पण पहाटेच्या मतलईवर शीड उभारून बाहेर जायचं आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं, हे ज्या दर्यावर्दी लोकांनी शेकडो वर्षं रोज केलं, त्यांच्या जगण्यातून हे शब्द आले आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगून कळणारही नाही म्हणा. वारा हा विषय गालाला लागल्याशिवाय कळत नाही.

आणि ती डॉल्फिन राईड! एकदा स्वतः बसून बघा. वीसएक माणसं, केशरी लाइफ जॅकेटं (बंद न केलेली), मागे फटफटणारं इंजिन. होडी किनाऱ्यापासून थोडी आत जाते. कुठेतरी पाठीचा करडा कणा दिसतो, सगळे एका बाजूला झुकून ओरडतात, होडीवाला इंजिन वाढवून तिकडे धावतो, तोवर दुसऱ्या तीन होड्या तिथे पोचलेल्या असतात. वीस मिनिटांत परत. एका किनाऱ्यावर तर मला 'डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत' अशी हमीही मिळाली. म्हणजे प्राणी हा मालाचा भाग झाला, आणि माल दाखवायचा तर पाठलाग आलाच.

कोकण किनाऱ्याला या सफरींत दिसतात ते बहुतेक कुबड असलेले हम्पबॅक डॉल्फिन. त्यांची राहण्याची जागा म्हणजे किनाऱ्यालगतचं उथळ पाणी, खाड्यांची तोंडं. आपली जाळी, आपलं सांडपाणी, आपल्या स्पीडबोटी आणि आपले पर्यटक, सगळे नेमके त्याच पट्ट्यात. हा प्राणी डोळ्यांपेक्षा कानांनी जगतो. स्वतः आवाज काढायचा, त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा, त्यावरून मासा कुठे, तळ कुठे, पिल्लू कुठे हे ओळखायचं. अशा प्राण्याच्या डोक्यावर चार इंजिनं घेऊन जायचं आणि त्याला 'निसर्गदर्शन' म्हणायचं? लग्नाच्या वरातीचा बँड रुग्णालयाच्या वॉर्डात नेण्यासारखं आहे हे.

होडीवाल्यांवर माझा राग नाही. त्याला चार महिन्यांत वर्षाची कमाई करायची असते आणि वीस मिनिटांची मागणी आपलीच आहे. राग आहे तो शाळांवर, आपल्या पालकांवर आणि 'जलपर्यटन' हा शब्द उठता-बसता वापरणाऱ्या यंत्रणेवर. आपण मुलांना समुद्राचे ग्राहक बनवतोय. विद्यार्थी नाही.

जगात दुसरीकडे हे कसं करतात ते थोडं बघू. स्कूनर हा शिडाच्या जहाजाचा एक प्रकार. दोन किंवा जास्त डोलकाठ्या, आणि शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेली. चौकोनी आडव्या शिडांच्या मोठ्या जहाजांपेक्षा कमी माणसांत चालतं, म्हणून शिकवायला सोयीचं. अमेरिकेत १९७१ साली सी एज्युकेशन असोसिएशन नावाची संस्था निघाली. विद्यार्थ्यांना समुद्रावर नेऊन समुद्रविज्ञान शिकवायचं हा हेतू, आणि त्यांचं पहिलं जहाज 'वेस्टवर्ड' ही स्कूनरच होती. १९७३ साली मेन राज्यात बांधलेल्या 'हार्वी गॅमेज' या स्कूनरवरही वर्षानुवर्षं शाळकरी मुलांना नेलं गेलं.

अशा जहाजावर प्रवासी कोणीच नसतो. मुलांच्या तुकड्या पाडतात आणि प्रत्येक तुकडीला पाळी येते, रात्री दोनलाही. कोणी सुकाणूवर, कोणी नकाशावर जागा मांडणारा, कोणी भांडी घासणारा, आणि एक जण नाळेवर पहाऱ्याला. या नाळेवरच्या पहारेकऱ्याचं काम काय? बघत राहायचं. दिवा, होडी, ओंडका, जाळ्याचा बोया, जे दिसेल ते कळवायचं. तासभर काही दिसत नाही. डोळ्यांना हळूहळू लाटांची सवय होते. आणि मग एखादी 'लाट' बाकीच्यांसारखी वागत नाही हे लक्षात येतं. वाफेचा फवारा दिसतो, सरळ उंच की बुटका झुडपासारखा, त्यावरून देवमाशाची जात ओळखायला मुलं शिकतात. वेळ लिहायची, दिशा लिहायची, जहाजाची जागा लिहायची. दिसला नाही तर 'दिसला नाही' असंही लिहायचं. तोही विज्ञानाचाच भाग.

माझ्या मते सगळा मुद्दा इथे आहे. शीड चालवायला शिकणं आणि देवमासा बघायला शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्हींत तुमचा हट्ट चालत नाही. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं. देवमाशाकडे सरळ धावून जाता येत नाही, थांबावं लागतं. ज्याने शिडाची दोरी हातात धरून वाऱ्याची वाट पाहिली आहे, त्याला प्राण्याची वाट पाहायला वेगळं शिकवावं लागत नाही. आणि मोटार बंद असलेल्या जहाजाजवळ प्राणी आला तर तो आपल्या मर्जीने आलेला असतो, ही गोष्ट मुलाला जन्मभर पुरते.

'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' हे १८४१ सालचं अमेरिकन जहाज मुळात देवमासे मारायला बांधलेलं. ऐंशी वर्षं त्याने तेच केलं. पुढे ते संग्रहालयात उभं राहिलं. २०१४ साली त्याची डागडुजी करून पुन्हा शिडं चढवली आणि त्याला मॅसॅच्युसेट्सजवळच्या स्टेलवॅगन बँक अभयारण्यात नेलं, भाले नसलेल्या होड्यांसह. देवमासे जवळ आले. आपल्या पूर्वजांनी जे केलं ते लपवायचं नाही आणि तेच पुन्हा करायचंही नाही, हे त्यांनी भाषणाऐवजी एका सफरीतून मुलांना दाखवलं.

"हो, पण तिकडे देवमासे आहेत. आपल्याकडे कुठे?" हा पुढचा प्रश्न. आपल्याला माहीत नसलेली गोष्ट अस्तित्वातच नसते, हा आपला जुना समज.

जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे बेचाळीस फुटी निळा देवमासा आला. जिवंत होता, वाचला नाही. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूवर ब्रायडस व्हेलचं मोठं धूड लागलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. गावकरी, मच्छीमार, वनखातं, सगळ्यांनी दोन दिवस झटून त्याला पाण्यात नेलं, तरी ते गेलं. या तिन्ही वेळी सगळीकडे फोटो फिरले. मराठी माणसाला देवमासा माहीत आहे तो असा, मेलेला किंवा मरणारा. किंवा मग 'व्हेलची उलटी' तस्करीत पकडली या बातमीतला.

जिवंत देवमासेही आहेत. कोकण सिटेशियन रिसर्च टीम हा तरुण संशोधकांचा गट सिंधुदुर्गात होडीने फिरून, मच्छीमारांशी बोलून डॉल्फिन-देवमाशांच्या नोंदी करत होता. २०१५ च्या मे महिन्यात कुणकेश्वरसमोर त्यांना निळे देवमासे दिसले, आणि सोबत पिल्लू. अरबी समुद्रातला हम्पबॅक तर जगावेगळा. बाकीचे हम्पबॅक दर वर्षी ध्रुवाकडून उष्ण पाण्याकडे आणि परत असा हजारो किलोमीटरचा प्रवास करतात. आपला हा मात्र वर्षभर इथेच, अरबी समुद्रातच राहतो. ओमानच्या बाजूला मोजदाद झाली तेव्हा अंदाज शंभराच्याही आत आला. १९६६ साली सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या समोरच्या समुद्रात बेकायदा शिकार करून यातले २४२ मारले होते. इतक्या लहान गोतावळ्याला तो घाव किती मोठा असेल, हिशोब तुम्हीच करा.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानजवळ एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं. तिचं नाव लुबान, म्हणजे आपला धूप घालायचा लोबान. सगळ्यांची अपेक्षा होती की ही तिथेच किनाऱ्याने फिरेल. बाईसाहेब निघाल्या त्या अरबी समुद्र ओलांडून थेट गोव्यासमोर! तिथून आणखी दक्षिणेला गेल्या आणि नंतर परत ओमानला. आपले व्यापारी शतकानुशतकं ज्या समुद्रातून ये-जा करत आले, त्याच समुद्रातून. आपल्या किती शाळांत ही गोष्ट सांगितली गेली? सातवीच्या वर्गात सांगून बघा, पोरं जागची हलणार नाहीत.

आता दुसरा आक्षेप, आणि हा गंभीर आहे. सुरक्षितता.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले चौदा विद्यार्थी बुडाले. १३ जानेवारी २०१८ ला डहाणूजवळ विद्यार्थ्यांनी भरलेली होडी उलटली आणि तीन मुली गेल्या. ३० जून २०२४ ला, आमच्या इथेच, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. यातली बहुतेक लहान मुलं होती. ही नावं, हे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांच्यावर शब्दांची कसरत करायची माझी इच्छा नाही.

पण प्रत्येक वेळी त्यानंतर आपण काय केलं? मनाई. परिपत्रक. फलक. दोरखंड. पाच वाजल्यानंतर प्रवेश बंद. फलक लावा, माझी हरकत नाही. पावसाळ्यात भुशीला पोलीस उभे राहतात, त्यांच्यामुळे जीव वाचतात. मात्र मनाईने मुलगा पाण्यापासून कायमचा लांब राहत नाही. तो अठरा वर्षांचा होतो, मित्रांबरोबर बाईकवर येतो, आणि त्या दिवशी त्याला पाण्याबद्दल काहीही माहीत नसतं. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू कशी ओढून नेतं, माहीत नसतं. वर डोंगरात पाऊस पडला की खाली धबधब्याचं पाणी मिनिटांत वाढतं, माहीत नसतं. सगळे एका बाजूला सेल्फीला गेले की होडी कलंडते, माहीत नसतं. जॅकेटचा पट्टा बांधल्याशिवाय जॅकेट म्हणजे नुसता शोभेचा कपडा, हेही माहीत नसतं.

हे सगळं शिडाच्या होडीवर पहिल्या आठवड्यात शिकवतात. होडी मुद्दाम उलटवून परत सुलटी कशी करायची, हा नवशिक्यांचा सुरुवातीचाच धडा असतो. पाण्यात पडलेल्या माणसाकडे बोट दाखवत एकाने सतत उभं राहायचं, नजर हटवायची नाही, हा दुसरा. वारा वाढायच्या आत शीड कमी करायचं, वाढल्यावर नाही, हा तिसरा. आणि 'आज जायचं नाही' असा निर्णय घेता येणं हा सगळ्यात मोठा. चांगला तांडेल किती वेळा समुद्रावर गेला यावर ओळखला जात नाही, किती वेळा न जाता परत फिरला यावर ओळखला जातो. मला विचाराल तर मुरुड, डहाणू आणि भुशी ही मुलांना पाणी शिकवण्याची कारणं आहेत. आपण ती न शिकवण्याची सबब म्हणून वापरतो.

तिसरा आक्षेप: "हे श्रीमंतांचे खेळ. क्लबात जाणाऱ्यांचे." मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे, तेव्हा समज कुठून आला ते कळतं. पण आता जरा आजूबाजूला बघा. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई खेळांत नेहा ठाकूर या मुलीने शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवलं. ती कुठली? मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर. मध्य प्रदेश! ज्या राज्याला समुद्र नावालाही नाही! हैदराबादला हुसेनसागर तलावावर २००९ साली सुरू झालेला यॉट क्लब सरकारी शाळांतल्या, वस्त्यांमधल्या मुलांना शिकवतो आणि ती मुलं राष्ट्रीय स्पर्धा जिंकतात. भोपाळ आणि हैदराबादला जे एका तलावात जमतं, ते सातशे-आठशे किलोमीटर किनारा आणि सह्याद्रीभर धरणं असलेल्या महाराष्ट्राला जमत नाही. का? लहान मुलांची 'ऑप्टिमिस्ट' नावाची होडी असते, सव्वादोन मीटर लांबीची, एक शीड, एक मूल. ती काही राजवाडा नाही.

बरं, कारागिरी नाही म्हणावं तर तेही खोटं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानाचं 'ट्रिंकोमाली' हे जहाज बांधलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. पण मला चावणारी गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते भंगारातून वाचवून त्याचं नाव 'फूद्रॉयां' ठेवलं आणि १९८६ पर्यंत त्यावर मुलामुलींना समुद्राचं शिक्षण दिलं गेलं. मुंबईच्या सुतारांनी बांधलेल्या जहाजावर इंग्लंडची पोरं शिकली. आमची पोरं गेटवेला उभी राहून भुईमुगाच्या शेंगा खात एलिफंटाची लाँच बघत राहिली.

आजचीही उदाहरणं घ्या. गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी तिच्यातूनच कुठेही न थांबता फिरून आले. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून गेल्या आणि २०२४-२५ मध्ये त्याच नौकेतून दोघीच. दांडेकरांच्याच कारखान्यात अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून दोरीने शिवलेलं 'कौंडिण्य' जहाज तयार झालं. तेही २०२५ च्या डिसेंबर अखेरीस पोरबंदरहून निघून मस्कतला पोचलं. नौदलाकडे 'तरंगिणी' (१९९७) आणि 'सुदर्शिनी' (२०१२) ही तीन डोलकाठ्यांची प्रशिक्षण जहाजं आहेत, तीही गोव्यातच बांधलेली. 'तरंगिणी' २००३-०४ मध्ये जगाची फेरी मारून आली. सगळं अभिमानास्पद, आणि सगळं नौदलाचं. म्हणजे पुन्हा भिंतीच्या आत. साध्या शाळेतल्या मुलासाठी आपल्या राज्यात अशी एक तरी 'तरंगिणी' असायला काय हरकत होती?

हरकत एकच. आपल्याला आरमार हवंय ते भाषणात.

कोणत्याही जाहीर सभेत जा. 'आरमाराचे जनक', 'ज्याचे आरमार त्याचा समुद्र', टाळ्या. २०१६ च्या डिसेंबरमध्ये मुंबईसमोरच्या समुद्रात स्मारकासाठी जलपूजन झालं, तेव्हा ३,६०० कोटींचा आकडा वर्तमानपत्रांत होता. स्मारक उभं राहिलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मालवणला राजकोटावर पुतळा उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला, मग नवा मोठा उभारला. जुलै २०२५ मध्ये लोहगडापासून खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गापर्यंतचे किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, आनंदच झाला. पण या सगळ्यात एक होडी तरी वाढली का? ज्या राजाने कल्याण-भिवंडीला गलबतं बांधायला घेतली, त्याच्या नावाने आपण दगड आणि धातू ओततो. लाकूड आणि कापड मात्र शून्य. महाराजांना पुतळा किती फुटी आहे याचं कौतुक वाटलं असतं की मावळातली किती पोरं सुकाणू धरू शकतात याचं? मावळे घाटावरचे होते हो. तरी त्यांच्या राजाला समुद्र कळला, कारण तो शिकला. भंडारी, कोळी, दालदी, ज्यांना पाणी येत होतं त्यांच्याकडून.

आणि म्हणून उपाय सुचवताना मी तिथूनच सुरू करतो. नुसती तक्रार करून थांबणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे.

पहिलं, धरणापासून सुरुवात करा. आमचं तुंगार्ली नको, ते लहान आहे. पण पवनेसारखं मोठं पाणी मावळातच आहे. तिथे आज तंबू, बार्बेक्यू आणि रात्रभर स्पीकर चालतात. त्याच पाण्यावर दहा लहान शिडाच्या होड्या, दोन प्रशिक्षक, एक बचाव-होडी ठेवा. तालुक्यातल्या शाळांना पाळीपाळीने आठवडा द्या. आधी पोहणं, मग होडी. खडकवासल्याला कॅडेट शिकतात, तर पवनेला आठवीतली मुलगी का नाही?

दुसरं, समुद्रावर एक जहाज. परदेशी ब्रोशरमधलं चकचकीत नको. कोकणातल्या सुतारांना, गोव्यातल्या कारखान्यांना सांगा. तीस मुलं राहू शकतील अशी स्कूनर बांधा. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत मालवण ते रेवदंडा चालवा. एका तुकडीला दहा दिवस. पावसाळ्यात जहाज वर काढून डागडुजी, तीही मुलांच्या हातून. रोज नाळेवरून झालेल्या नोंदी संशोधकांना द्या. आपल्या समुद्रात देवमासे कुठे, केव्हा दिसतात याची माहिती इतकी तुटपुंजी आहे की दहा वर्षं मुलांनी नेमाने केलेली वही सोन्याच्या मोलाची ठरेल.

तिसरं, मास्तर कोण? तांडेल. डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात एक चांगली योजना आहे. जाळ्यात डॉल्फिन, कासव, बहिरी मासा यांसारखा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याची पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. म्हणजे कोकणातल्या कित्येक मच्छीमारांनी हे प्राणी हात लावून वाचवले आहेत. आपल्या एकाही तज्ज्ञाकडे हा अनुभव नसेल. या माणसांना वीस मिनिटांच्या राईडवरून काढून पगारी शिक्षक करा. पर्यटन बंद करा असं मी म्हणत नाही, पण श्रीलंकेत मिरिसाला काय झालं ते बघा. युद्ध संपल्यावर निळे देवमासे दाखवायचा धंदा जोरात वाढला आणि एकेका देवमाशाभोवती बोटींचा गराडा पडू लागला. आपल्याला ती चूक करायलाच पाहिजे असं नाही.

"पण याने नोकरी लागेल का? बारावीला उपयोग काय?" हा शेवटचा आक्षेप. त्याला माझ्याकडे सभ्य उत्तर नाही. व्यापारी जहाजांवर नोकऱ्या आहेत, समुद्रविज्ञानात आहेत, नौदलात आहेत, हे सगळं सांगता येईल. पण मुळात ज्या मुलाला रात्री दोन वाजता तीस जणांच्या झोपेची जबाबदारी एकट्याने सांभाळता आली, त्याला पुढे काय काय येईल याची यादी कशाला करायची? गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही, हा गुणपत्रिकेचा दोष.

तेव्हा पुढच्या महिन्यात शाळेतून सहलीचं पत्रक येईल, तेव्हा नुसती सही करून पाठवू नका. पालकसभेत उठा आणि विचारा: तिथे मुलं काय शिकणार? पोहायला कोणाकोणाला येतं? होडीवाल्याचं नाव काय, त्याला मुलांशी एक तास बोलायला सांगता येईल का, इंजिन बंद करून? लोक वळून बघतील, मुख्याध्यापक घड्याळ बघतील. बघू देत. पुढच्या वर्षी दोन पालक विचारतील, मग दहा. आमच्या मावळातून मी एक नाव आजच नोंदवून ठेवतो. तुमच्या गावातून कोण?